क्षमा केली म्हणजे गल्ल्याची किल्ली परत दिली असं नाही

एक प्रश्न आलाय : धंद्यातल्या भागीदाराने विश्वासघात केला, तर येशूच्या ‘वैऱ्यांवर प्रीती करा’ या शिकवणीप्रमाणे पुन्हा त्याच्याच हाती गल्ला द्यायचा का? नाही. बायबलमध्ये लूक ६:२७-२८ मध्ये चार गोष्टी सांगितल्यात : प्रीती करा, बरं करा, आशीर्वाद द्या, प्रार्थना करा. ‘विश्वास ठेवा’ हे त्यात नाही.

बायबलच्या उत्पत्ती पुस्तकातल्या योसेफाचंच बघा. भावांनी त्याला चांदीच्या २० नाण्यांना विकलं. पुढे तो मिसरात (इजिप्तमध्ये) मोठा अधिकारी झाला. दुष्काळात ते तिथे आले तेव्हा त्याने धान्य दिलं, पैसेही गुपचूप गोणीत परत ठेवले. पण ओळख दिली नाही. आधी त्यांच्यातल्या शिमोनाला अडकवून ठेवलं, पुढे धाकट्या भावाच्या, बन्यामिनाच्या, गोणीत चांदीचा प्याला लपवून त्याच्यावर चोरीचा आळ आणला. योसेफाला विकायची कल्पना ज्याची, तो भाऊ यहूदाच ‘याच्याऐवजी मला दास ठेवा’ म्हणाला, तेव्हा कुठे योसेफाने आपण कोण ते सांगितलं. (उत्पत्ती ४२ ते ४५ सलग वाचा, तुकड्यांत नको.)

भागीदार आपल्या मंडळीतलाच (चर्चमधलाच) असेल तर मत्तय १८:१५-१७ : आधी दोघांतच बोलणं, मग एक-दोन साक्षीदार, शेवटी मंडळी. आपल्याकडे हे हमखास उलटं होतं, आधी बोभाटा आणि मग भेट. आणि प्रार्थनेत नुसतं ‘त्याला सुबुद्धी दे’ म्हणाल तर ती तक्रारच झाली. त्याच्या घरातल्या आजारपणासाठी, मुलांच्या परीक्षेसाठी नाव घेऊन मागा. हिशेब मात्र लेखीच घ्या.