रजिस्ट्री क्लीनर चालवलात? काय झालं ते लिहा : कोल्हापूरकरांचा अनुभव धागा

घरचा कॉम्प्युटर रेंगाळायला लागला की कुणीतरी सांगतंच, "एक क्लीनर टाका आणि रजिस्ट्री साफ करा." 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या अनेक घरांत जुनं मशीन ओढत नेण्याची धडपड चालू आहे आणि हा सल्ला जास्तच कानावर येतोय. म्हणून हा धागा काढते आहे. तुम्ही किंवा घरातल्या कुणी क्लीनर चालवला असेल तर आधी काय केलं होतं, नंतर काय बिघडलं किंवा सुधारलं आणि परत कसं आणलं, हे सविस्तर लिहा. क्लीनरचं नाव नको, घडलेलं हवं.

ज्यांना रजिस्ट्री हा शब्दच नवा आहे त्यांच्यासाठी थोडं. विंडोजची आणि त्यावर बसवलेल्या बहुतेक प्रोग्रॅमची सेटिंग्ज ज्या डेटाबेसमध्ये राहतात ती रजिस्ट्री. 1992 च्या विंडोज 3.1 मध्ये ती छोट्या रूपात आली, विंडोज 95 पासून सगळा कारभार तिच्यावर चालतो. क्लीनर काय करतो? एखाद्या नोंदीत लिहिलेली फाइल किंवा फोल्डर त्या जागी सापडलं नाही की ती नोंद तो निकामी ठरवतो. ती का सापडली नाही, हे तो बघत नाही. पुढचे बरेच घोटाळे इथूनच सुरू होतात असं मला वाटतं.

शाहूपुरी, डीटीपी आणि लग्नपत्रिका

ताई, तुम्ही म्हणताय तेच आमच्याकडे झालं. आमचे जुने मराठी फॉन्ट एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर असतात. सी ड्राइव्हवर जागा कमी, म्हणून ते कॉपी न करता शॉर्टकट पद्धतीने बसवलेले. दुपारी डिस्क काढून ठेवलेली असताना भाच्याने चांगल्या मनाने क्लीनर चालवला. क्लीनरला फॉन्टच्या फाइली दिसल्या नाहीत आणि त्याने सगळ्या नोंदी काढल्या. संध्याकाळी पत्रिकेची फाइल उघडली तर अक्षरांच्या जागी नुसती चिन्हं. ऐन लग्नसराईत पोटात गोळाच आला.

वाचलो ते एवढ्यासाठी की पुसण्याआधी क्लीनरने "बॅकअप घेऊ का" विचारलं होतं आणि पोराने हो म्हटलं होतं. डॉक्युमेंट्समध्ये डॉट रेग फाइल होती. डिस्क जोडली, त्या फाइलवर डबल क्लिक केलं, मशीन रीस्टार्ट केलं, फॉन्ट परत आले. आता आमच्याकडे नियम आहे : असलं काही चालवायचं तर पेन ड्राइव्ह, बाहेरची डिस्क, नेटवर्क ड्राइव्ह, नेहमी लागणारं सगळं जोडलेलं पाहिजे. आणि यादीत फॉन्टसमोरची टिकची खूण काढूनच पुढे जायचं.

राजारामपुरी, लॅपटॉप-डेस्कटॉप दुरुस्ती

शाहूपुरीच्या दादांनी डॉट रेगबद्दल लिहिलं ते बरोबर, पण दोन गोष्टी जोडतो. पहिली, ती फाइल पुसलेल्या नोंदी परत घालते, मधल्या काळात नव्याने आलेल्या नोंदी काढत नाही. दुसरी आणि मोठी : विंडोज सुरूच झालं नाही तर डबल क्लिक कुठे करणार? म्हणून रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोजची सेटिंग्ज आणि रजिस्ट्री जिथवर मागे नेता येते ती नोंदवलेली स्थिती, हवाच. अनेक मशीनवर हे पॉइंट बनवणारं सिस्टिम प्रोटेक्शन बंद असतं आणि गिऱ्हाइकाला ते वेळ आल्यावर कळतं. स्टार्टमध्ये "क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट" टाइप करा, सी ड्राइव्ह निवडा, कॉन्फिगरमध्ये जाऊन चालू करा, मग क्रिएट. याने तुमचे फोटो किंवा कागदपत्रं मागे जात नाहीत. पण तो त्यांचा बॅकअपही नाही, तो वेगळा घ्या.

बरेच जण म्हणतात, विंडोज रजिस्ट्रीची प्रत स्वतःच ठेवतं. पूर्वी ठेवायचं, रेगबॅक नावाच्या फोल्डरात. विंडोज 10 च्या 1803 आवृत्तीपासून ते आपोआप होत नाही. फोल्डर उघडलं तर फाइली शून्य केबीच्या दिसतात.

आता वेगाचं. दुकानात "स्लो आहे" म्हणून येणाऱ्या मशीनमध्ये मला बहुतेक वेळा हेच दिसतं : जुनी फिरती हार्ड डिस्क, चार जीबी रॅम, दोन-दोन अँटीव्हायरस, स्टार्टअपला उठणारे डझनभर प्रोग्रॅम, धुळीने भरलेला पंखा. रजिस्ट्रीत लाखो नोंदी असतात आणि विंडोज हवी ती नोंद थेट तिच्या वाटेने शोधतं, सगळी रजिस्ट्री चाळत बसत नाही. त्यातल्या चार-पाचशे पडीक नोंदी काढून वेग वाढला असं मी तरी कधी पाहिलेलं नाही. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाकल्यावर मात्र माणूस दुकानातच खूश होतो. मायक्रोसॉफ्टनेही एके काळी रेगक्लीन नावाचं टूल काढलं होतं, नंतर बंद केलं. आज त्यांची जाहीर भूमिका हीच आहे की रजिस्ट्री क्लीनरच्या वापराला ते सपोर्ट देत नाहीत.

उद्यमनगर, वर्कशॉप

आमचं कोटेशनचं सॉफ्टवेअर फार जुनं, बनवणाराही आता हे काम करत नाही. ऑफिसातल्या पोराने घरून क्लीनर आणून चालवला आणि "अॅक्टिव्हएक्स आणि कॉम" (प्रोग्रॅम वापरतात त्या सुट्या भागांच्या नोंदी) या खणातल्या सगळ्या खुणा तशाच ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर उघडताना मेसेज : अमुक ओसीएक्स फाइल (असलाच एक सुटा भाग) नीट रजिस्टर्ड नाही. फाइल जागेवर होती, फक्त रजिस्ट्रीतली तिची नोंद गेली होती. बॅकअप घेतलेला नव्हता. ओळखीच्या इंजिनिअरने अॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून रेगएसव्हीआर32 या विंडोजच्या कमांडने एकेक फाइल परत रजिस्टर केली. 64-बिट विंडोजवर 32-बिट फाइलसाठी ही कमांड सिसवाव64 फोल्डरातली वापरायची, हे त्यानेच दाखवलं. सीएनसीला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्राला) जोडलेल्या पीसीवर तर असलं काही टाकायचंच नाही, हे मी मालक म्हणून ठरवलंय.

कसबा बावडा, निवृत्त शिक्षिका

माझा अनुभव वेगळा आहे. वेबसाइट बघताना एकदम लाल पाटी आली, कॉम्प्युटरमध्ये शेकडो चुका सापडल्या म्हणून. सोबत फुकट स्कॅन. स्कॅन झाला आणि दुरुस्तीसाठी पैसे भरा म्हणाला. सुनेने लगेच हात धरला. तिने सांगितलं की वेबसाइटच्या पाटीला आपल्या कॉम्प्युटरच्या आतलं काही दिसतच नाही. असली भीती घालून पैसे मागणारे क्लीनर मार्च 2018 पासून विंडोजमधला अँटीव्हायरस डिफेंडरही नको असलेले प्रोग्रॅम म्हणून काढतो, हेही तिच्याकडूनच कळलं. माझ्या वयाच्या बायकांनो, पाटीवर फोन नंबर दिला असेल तर अजिबात लावू नका. घरच्या कुणाला तरी आधी दाखवा.

सागरमाळ, विद्यापीठाचा विद्यार्थी

आमच्या रूमवरच्या मित्राचा लॅपटॉप क्लीनरनंतर चालूच हुईना. निळी स्क्रीन, परत रीस्टार्ट, परत निळी. रिपेअरच्या स्क्रीनवरनं सिस्टिम रिस्टोअरला गेलो तर बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) 48 आकडी की मागाय लागला. ह्यो लई घाबरला, प्रोजेक्ट आतच हुता. त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर मोबाइलवरनं लॉगिन केलं, तिथं की मिळाली. जुना रिस्टोअर पॉइंट पण हुता, नशीब. तास-दीड तासात लॅपटॉप जागेवर आला. तेवढी की आधी कागदावर लिहून ठेवा भावांनो, लॅपटॉप बंद पडल्यावर शोधायची गोष्ट न्हाई ती.

लक्ष्मीपुरी, हिशेबनीस

मी क्लीनर बरीच वर्षं वापरतोय आणि मला त्रास झालेला नाही, तेही इथे यायला हवं. पण "सगळं दुरुस्त करा" हे बटण मी दाबत नाही. सगळ्या खुणा काढतो आणि एखादं प्रिंटरचं सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केल्यावर त्याच्याच नावाच्या उरलेल्या नोंदी निवडतो. डॉट रेग बॅकअप, रीस्टार्ट, टॅली आणि प्रिंटर तपासणं, मगच पुढचं. रिटर्न भरायच्या दिवसांत मात्र हात लावत नाही. वेग वाढला का? नाही. यादी नीट दिसते, एवढंच.

डाउनलोडचं म्हणाल तर 2017 साली सीक्लीनरच्या 5.33 या आवृत्तीत खुद्द अधिकृत डाउनलोडमध्येच मालवेअर शिरलं होतं आणि ती सुमारे 22 लाख 70 हजार वापरकर्त्यांपर्यंत पोचली होती. कंपनी ओळखीची आहे म्हणून डोळे मिटून घेऊ नये.

उचगाव, गृहिणी

मला एकच विचारायचंय. मुलाचा जुना गेम काढला, फोल्डरही पुसला, पण कंट्रोल पॅनलच्या यादीत नाव तसंच आहे. अनइन्स्टॉल दाबलं की एरर येते. यासाठी तरी क्लीनर लागेल का?

धागाकर्ती

नाही लागणार, ताई. इन्स्टॉल-अनइन्स्टॉलच्या अडचणींसाठी मायक्रोसॉफ्टचा एक मोफत ट्रबलशूटर आहे, तो त्यांच्याच साइटवरून घ्या आणि आधी तो चालवा. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. नाहीच झालं तर राजारामपुरीच्या दादांनी सांगितला तसा रिस्टोअर पॉइंट करा आणि मुलाला शेजारी बसवून रेजएडिट, म्हणजे रजिस्ट्री उघडून बघायचा विंडोजचाच प्रोग्रॅम, उघडा. लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, अनइन्स्टॉल या वाटेने जा. तिथे नाही दिसलं तर सॉफ्टवेअरखालच्या वाव6432नोड मधून पुढची तीच वाट धरा. गेमच्या नावाची की (रजिस्ट्रीतला फोल्डरसारखा खण) सापडली की तिच्यावर राइट क्लिक करून आधी एक्सपोर्ट, मग डिलीट. फक्त ती एक की. यादी बंद करून पुन्हा उघडलीत की नाव गेलेलं दिसेल. अडलं तर स्क्रीनचा फोटो इथे टाका, मी रात्री बघते.