अनुभव धागा: पेटीतले फोटो ऑनलाइन दालनात मांडताना

माजघर

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून आजोबांची पत्र्याची पेटी खाली काढली. आत सहाशेच्या आसपास फोटो, बहुतेक कृष्णधवल. काहींच्या पाठीला जुन्या अल्बमच्या काळ्या कागदाचे तुकडे अजून चिकटलेले. घरची माणसं आता नाशिक, बडोदा आणि टोरांटोत विखुरली आहेत. सगळ्यांना आपापल्या घरी बसून पाहता येईल असं ऑनलाइन दालन करायचं मनात आहे. स्कॅनिंग सुरू केलंय, पण पुढचं पाऊल टाकण्याआधी तुम्हा सगळ्यांचे अनुभव ऐकायचे आहेत.

आधी माझा सांगते. 2003 मध्ये मावसबहिणीच्या लग्नाचे फोटो फोटोशॉपमधूनच पानांवर मांडले होते. तेव्हा त्यात ‘ऑटोमेट’च्या यादीत ‘वेब फोटो गॅलरी’ अशी सोय असायची. फोटोंचा फोल्डर दाखवायचा, साचा निवडायचा, लहान-मोठ्या चित्रांची मापं द्यायची आणि बघत बसायचं. एकेक फोटो आपोआप उघडायचा, लहान व्हायचा, मिटायचा. शेवटी हाती यायचा एक फोल्डर: मोठी चित्रं, लघुचित्रं आणि पानं अशी तीन खणं, वर एक इंडेक्स. ती सीडी मागच्या महिन्यात सहज लावून पाहिली. इंडेक्सवर क्लिक केलं आणि अख्खं लग्न समोर उभं राहिलं, मांडवाच्या तोरणासकट.

चार वर्षांनी बारशाचं दालन केलं ते फ्लॅश या हलत्या चित्रांच्या जुन्या वेब तंत्राच्या साच्यात. पानं उलटायची, फोटो तरंगत यायचे, सगळ्यांना फार आवडलं होतं. 2020 संपताना फ्लॅशचा आधारच बंद झाला आणि ते दालन आता कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडत नाही. त्यामुळे यावेळी साधंच काहीतरी करायचं, एवढं पक्कं आहे. तुम्ही काय वापरलंत, काय बिघडलं, कशानं सावरलं, सगळं लिहा.

सह्यवेडा

ताई, माझा अनुभव नुकसानीचा आहे, म्हणून तो आधी ऐका.

राजगड ते तोरणा, दोन दिवसांची चाल, 220 फोटो. घरी आल्या आल्या मित्रांना दाखवायची घाई. इरफानव्ह्यू या फोटो बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये बी दाबलं की एकगठ्ठा रूपांतराची खिडकी उघडते. लांब बाजू 1024 पिक्सेल ठेवली आणि सुरू केलं. नव्या फाइली कुठे ठेवायच्या, त्या रकान्यात मूळ फोल्डरच राहिला होता आणि जुन्या फाइलींवर नव्या लिहायची परवानगीही दिलेली होती. दोन-तीन मिनिटांत माझे सगळे मूळ फोटो 1024 पिक्सेलचे झाले. कॅमेऱ्याचं कार्ड आदल्या रात्रीच पुसलं होतं. बुधला माचीवरची पहाट मला मोठी छापून घरात लावायची होती, ती आता पोस्टकार्डाच्या आकारापलीकडे नीट छापता येत नाही.

तेव्हापासून प्रत्येक सहलीचे तीन फोल्डर: मूळ, दुरुस्त, वेब. मूळ फोल्डर कार्डावरून उतरवला की लगेच दुसऱ्या डिस्कवर त्याची प्रत जाते, आणि संपादन कुठलंही असो, ते ‘दुरुस्त’मध्येच होतं.

मापांबद्दल: माझ्या कॅमेऱ्याची 24 मेगापिक्सेलची एक फाइल आठ-दहा एमबीची असते. तशाच चढवल्या होत्या तेव्हा गावाकडे आईच्या फोनवर पान अर्धवट उघडून थांबायचं. आता लांब बाजू 1600 पिक्सेल, जेपेग गुणवत्ता 80 च्या आसपास. बहुतेक फोटो तीनशे-चारशे केबीत बसतात आणि पडद्यावर डोळ्यांना फरक जाणवत नाही. शार्पन करायचं ते लहान करून झाल्यावर, अगदी हलकं. ‘वेबसाठी 72 डीपीआय (एका इंचातले ठिपके) ठेवा’ असा सल्ला अजून मिळतो, तो सोडून द्या. पडद्याला पिक्सेल कळतात, तो आकडा छपाईच्या मापाचा.

आणि 220 फोटो कुणी बघत नाही. शेवटच्या दालनात मी 34 ठेवले. आईनं ते सगळे पाहिले.

रानफूल

माझी अडचण रंगांची. 2016 साली ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात कारवी फुलली. या बाजूची कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते, म्हणजे चुकलं तर पुढची संधी थेट 2024 ला. चार रविवार गेले, शेकडो फोटो काढले. घरच्या पडद्यावर संपादन करताना तो निळसर जांभळा रंग अगदी डोंगरावर दिसला तसा होता. दालन तयार झालं, मैत्रिणीच्या फोनवर पाहिलं, तर फुलं मळकट दिसत होती. पाण्यात जांभळी शाई कालवून ठेवावी तशी.

कारण शोधायला आठवडा गेला. कॅमेरा ॲडोबी आरजीबी या रंगपद्धतीवर ठेवलेला होता. त्याचा रंगपट्टा मोठा, पण बहुतेक पडदे आणि ब्राउझर एसआरजीबी ही लहान पट्ट्याची पद्धत धरून चालतात. हे कळल्यावर मी घाईनं ‘असाइन प्रोफाइल’ वापरून एसआरजीबी लावलं आणि रंग होते तसेच फिके राहिले. खरं हवं होतं ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’. असाइन केल्यानं फाइलमधले आकडे तेच राहतात, फक्त त्यांचा अर्थ बदलतो. कन्व्हर्ट केल्यावर आकडे बदलतात आणि दिसणं सांभाळलं जातं. हा फरक आधी कुणी समजावला असता तर माझे चार रविवार मी अधिक आनंदात मिरवले असते.

2024 ला पुन्हा गेले. कॅमेऱ्यात रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली फाइल, ठेवलं, आणि वेबची प्रत काढताना शेवटी एसआरजीबीत कन्व्हर्ट केलं. यावेळी मैत्रिणीच्या फोनवरही कारवी कारवीसारखी दिसली.

वेलांटी

मी फोटोखालच्या ओळींबद्दल लिहिते. आमच्या वाड्यातल्या उत्सवाचं दालन करताना मी फोटोवरच मराठी अक्षरं टाकत होते. जुन्या फोटोशॉपला देवनागरीची जुळणी जमत नसे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसायची, जोडाक्षरं फुटायची. पुढच्या आवृत्त्यांमध्ये अक्षरांच्या पर्यायांत दक्षिण आशियाई भाषांची जुळणी निवडता येऊ लागली, तेव्हा ते सुटलं. त्याआधी मी दुसरा मार्ग काढला होता: युनिकोड (सगळीकडे सारखी चालणारी अक्षरसंहिता) नसलेला जुना फॉन्ट. माझ्या संगणकावर ‘दीपमाळ’ सुबक दिसायची. इतरांच्या पडद्यावर त्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा खच. 180 ओळी पुन्हा टंकल्या.

आता चित्रावर काहीच लिहीत नाही. ओळ पानावर, फोटोखाली, युनिकोडमध्ये. ती शोधली की सापडते, चुकली तर सुधारता येते, आणि फोटो स्वच्छ राहतो. हीच ओळ फाइलच्या माहितीतल्या वर्णनाच्या रकान्यातही घालून ठेवा. डिजिकॅम किंवा लाइटरूमसारखं फोटोंचं सॉफ्टवेअर ती तिथून वाचतं आणि दालन बनवताना खाली आपोआप बसवतं.

फाइलींची नावं मात्र रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत, जागा न सोडता. देवनागरी नाव दुव्यात गेलं की एकेका चिन्हामागे नऊ-नऊ अक्षरांची शेपटी लागते.

सह्यवेडा

नावांवरून आठवलं. छोटी अक्षरं हा मुद्दा अगदी महत्त्वाचा. विंडोजवर मोठ्या आणि छोट्या लिपीतलं ‘जेपीजी’ सारखंच, लिनक्सच्या सर्व्हरवर नाही. घरी सगळे फोटो दिसत होते, चढवल्यावर निम्म्या जागी रिकाम्या चौकटी.

अंधारखोली

मी छायाचित्रकार. सांगलीत वडिलांचा स्टुडिओ होता, तिथेच शिकलो. तेव्हा रीटचिंग म्हणजे निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल. चेहऱ्यावरचा डाग निगेटिव्हवर पारदर्शक दिसतो, तिथे बारीक ठिपके भरत गेलं की छापील फोटोत तो विरतो. एक चेहरा करायला सकाळ जायची. आता सॉफ्टवेअरमधला डाग पुसणारा हीलिंग ब्रश घेतला की क्षणाचं काम. म्हणूनच हे लिहितो.

एका गिऱ्हाइकानं आजीचा एकमेव फोटो आणून दिला. ओलीनं धरलेली बुरशी, मधून गेलेली घडी, सगळीकडे पांढरे ठिपके. त्यांना तो कुटुंबाच्या दालनात पहिला लावायचा होता. मी रात्री जागून केला. घडी गेली, बुरशी गेली, चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी ते त्यांच्या आईला घेऊन आले. त्या माऊलीनं बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “ही माझी आई, पण हिचं गोंदण कुठं गेलं?”

कपाळावर तीन ठिपके आणि हनुवटीवर एक. मी डाग समजून पुसले होते.

मूळ स्कॅन जपलेला होता, म्हणून परत आणता आले. त्या दिवसापासून माझे नियम ठरलेत. दुरुस्ती नेहमी वेगळ्या थरावर, म्हणजे मूळ चित्राला हात लागत नाही. चेहऱ्यावरची कुठलीही खूण घरच्यांना विचारल्याशिवाय जात नाही. धूळ आणि ओरखडे काढणारा आपोआप फिल्टर संपूर्ण फोटोवर कधीच चालवत नाही, कारण तो नथीचा मोती आणि धुळीचा कण यांत भेद करत नाही.

माजघर ताई, कृष्णधवल फोटोसुद्धा रंगीत पद्धतीनं स्कॅन करा. शाईचा डाग किंवा पिवळेपणा एका (लाल, हिरव्या किंवा निळ्या) रंगवाहिनीत ठळक दिसतो आणि दुसरीत जवळजवळ नाहीसा होतो. ती स्वच्छ वाहिनी घेऊन काम केलं की निम्मं कष्ट वाचतं. मूळ स्कॅन टिफ प्रकारच्या फाइलीत ठेवा. जेपेग प्रत्येक वेळी बदलून पुन्हा साठवताना थोडं झिजतं. छोट्या फोटोंना 600 डीपीआय द्या, पोस्टकार्डाएवढ्यांना 300 पुरे, पण मोठे करून छापायचे असतील तर तिथेही 600.

दूरदेशी

न्यू जर्सीहून. आमचा फोटोंचा सगळा संसार गूगलच्या पिकासा या सॉफ्टवेअरमध्ये होता. 2016 मध्ये ते बंद झाल्यावर मी फोल्डर उचलून नव्या डिस्कवर ठेवले आणि निश्चिंत झाले. नंतर उघडले तर कापलेले, उजळलेले फोटो पुन्हा पहिल्यासारखे. पिकासा बदल मूळ फाइलवर करत नसे, शेजारच्या एका लपलेल्या छोट्या फाइलमध्ये टिपून ठेवत असे. ‘सेव्ह’ दाबल्याशिवाय ते फोटोत उतरत नसत. ते मी दाबलं नव्हतं. फोटोखाली लिहिलेल्या ओळी मात्र जेपेगच्या आतच होत्या, त्या टिकल्या. सासूबाई पहिल्यांदा बर्फ बघत होत्या त्या फोटोखाली त्यांनी स्वतः सांगितलेली ओळ आहे: “हे तर सांडलेलं मीठ.” त्या आता नाहीत.

तुम्ही जे कुठलं सॉफ्टवेअर घ्याल, त्यात एक फोटो दुरुस्त करा, ओळ लिहा आणि दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. काय सोबत येतं आणि काय मागे राहतं ते पाच मिनिटांत कळेल.

पाटीपेन्सिल

मी प्राथमिक शाळेत शिकवतो. वनभोजनाचे फोटो चढवायच्या आधी एका पालकांनी विचारलं, मुलं नेमकी कुठे असतात हे फोटोवरून कळतं का? तपासलं तर फोनमधल्या प्रत्येक फोटोत अक्षांश-रेखांश होते, काहींत मुलांच्या घरांचे. आता गिंप या सॉफ्टवेअरमधून जेपेग काढताना एक्झिफची (फोटोत दडलेल्या माहितीची) खूण काढून टाकतो. चेहरे दिसणारे फोटो पालकांनी लेखी होकार दिला तरच, आणि ओळीत मुलाचं नाव नाही. दालन उघडं ठेवायचं की फक्त घरच्यांपुरतं, हे फोटो निवडायच्या आधी ठरवा.

कानोसा

मला दिसत नाही, पडदावाचक वापरतो. आपोआप बनलेल्या दालनात मला ऐकू येतं: “आयएमजी चार चार सात एक, आयएमजी चार चार सात दोन.” घरच्या लग्नाचं दालन मी असं ऐकलं आहे. चित्राचा पर्यायी मजकूर म्हणून एक रकाना असतो, तिथे एक वाक्य लिहा. “आत्या उंबऱ्यात उभी, हातात माप, मागे सगळे हसताहेत.” एवढं पुरतं. मग मीही तिथे असतो.

माजघर

कानोसा, हा रकाना पहिल्या फोटोपासून भरणार. वचन.

अंधारखोली काका, तुमचं वाचून रात्रीच पेटीतले चेहरे भिंगातून पुन्हा पाहिले. पणजीच्या हनुवटीवर मी ज्याला बुरशी समजले होते ते काय आहे, हे आता आत्यालाच विचारावं लागेल. ती 84 वर्षांची आहे आणि पेटीतली निम्मी माणसं फक्त तीच ओळखते. त्यामुळे क्रम बदलला आहे. सॉफ्टवेअर नंतर. रविवारी लॅपटॉप घेऊन तिच्याकडे नाशिकला जाते आहे. फोटो एकेक करून मोठा दाखवायचा, ती बोलेल ते फोनवर ध्वनिमुद्रित करायचं आणि त्यातून ओळी लिहायच्या. काल फोनवर एका फोटोचं नुसतं वर्णन केलं, विहिरीपाशी पाच बायका, एकीनं तोंड फिरवलेलं. ती लगेच म्हणाली, “ती मी. तेव्हा दात पडले होते.”

स्कॅन पुन्हा पाहिला. पाचवी बाई नाहीच, पाच-सहा वर्षांची मुलगी आहे, काठावर उभी.