शब्दचर्चा: 'साम्हेन' लिहू की 'साउन'?

रानजाई:
एका आयरिश लोककथेचा अनुवाद करतेय. कथा 31 ऑक्टोबरच्या रात्री घडते. त्या सणाचं स्पेलिंग एस-ए-एम-एच-ए-आय-एन. मी 'साम्हेन' लिहून मोकळी झाले होते. मुद्रितशोधकांनी समासात प्रश्नचिन्ह टाकून लिहिलंय, "उच्चार साउन आहे म्हणे. मग हा आपला सावनच का?" आता तीन शंका आहेत. लिहायचं कसं, सावनशी नातं आहे का, आणि मराठी प्रतिशब्द द्यावा का? मनात 'सर्वपित्री' घोळतंय.

तिरफळ:
मुद्रितशोधकांना माझा नमस्कार कळवा, त्यांचं बरोबर आहे. मी आयर्लंडात गॉलवेत राहते, इथे सगळे 'साउन'च म्हणतात. शेवटचा न थोडा न्यकडे झुकतो, पण लिहिताना तेवढं सोडून द्या. स्पेलिंगमधला 'एमएच' म्हणजे म्हैस-म्हातारीतला म्ह नाही. आयरिशमध्ये काही व्यंजनं मऊ होतात, म चा व किंवा उ होतो. जुन्या लिपीत अशा अक्षराच्या डोक्यावर टिंब द्यायचे, नुक्त्यासारखं. रोमन लिपीत टिंबाच्या जागी एच आला. आपण नाही का 'जन्म' आणि 'जागा' एकाच ज वर भागवत! पुढे गंमत अशी की 'साउनची रात्र' म्हणायचं तर स सुद्धा मऊ होऊन त्याचा ह होतो, 'ईहा हाउना'. म्हणजे म गेला, स गेला, आणि स्पेलिंगमध्ये दोघं जागच्या जागी बसलेले.
शिवाय हे नुसतं सणाचं नाव नाही. आयरिशमध्ये अख्ख्या नोव्हेंबरलाच हे नाव आहे.

दीडशहाणा:
सावन, साउन... इतकं जुळतं तर उगाच का? केल्टांचे, म्हणजे आयरिशांच्या प्राचीन पूर्वजांचे, पुरोहित ड्रुइड, म्हणजे आपले द्रविड, हेही वाचलंय.

पाटीपेन्सिल:
दीडशहाणेराव, उगाचच जुळतं. हिंदीतला सावन 'श्रावण'वरून आला आणि श्रावण 'श्रवण' नक्षत्रावरून. त्याचा म शी संबंधच नाही. उलट आयरिश शब्दात जुन्या काळी म चांगला ठणठणीत ऐकू येत होता. 'ड्रुइड'चं द्रविडांशी काही नाही, पण संस्कृतशी लांबचं नातं आहे. त्याची सर्वमान्य फोड अशी: पहिला भाग झाडाचा, जो आपल्या 'द्रुम', 'दारु' (म्हणजे लाकूड), 'देवदार'मध्ये आहे, आणि दुसरा 'विद्', जाणणं. झाडाचं, विशेषतः ओकचं, ज्ञान असलेला. काही जण पहिल्या भागाचा अर्थ 'भक्कम' असा घेतात.

आता साउन. मध्ययुगीन आयरिश लेखकांनी 'साम' म्हणजे उन्हाळा आणि 'फुइन' म्हणजे शेवट अशी फोड केली. शेवटवाला भाग लोकव्युत्पत्तीचा वाटतो, पण 'साम' अस्सल आहे. आजच्या आयरिशमध्ये उन्हाळ्याला 'साउरा' म्हणतात. आयरिशची बहीण वेल्श, तिच्यात स चा ह झाला (सिंधु-हिंदू आठवा) आणि उन्हाळा झाला 'हाव'. याच घराण्यातला संस्कृत शब्द 'समा', म्हणजे वर्ष, आणि त्याआधी ऋतू किंवा अर्धं वर्ष. ईशोपनिषदात 'जिजीविषेच्छतं समाः' आहे, 'मा निषाद' श्लोकात 'शाश्वतीः समाः' आहे. वर्ष एका ऋतूवरून मोजायची खोड आपल्याला जुनी. पावसावरून 'वर्ष', 'जीवेत् शरदः शतम्'मध्ये शरदावरून, वेदात 'शतं हिमाः' असं थंडीवरून. आणि "तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत" हे तर घरोघरी.

दुसरं मत असं की मूळ अर्थ उन्हाळा नसून 'जमाव', आणि नातं वैदिक 'समन' म्हणजे मेळावा याच्याशी. या सणाला आयर्लंडात सभा भरत, मेजवान्या होत, त्यामुळे हेही पटतं. माझं मत पहिल्याकडे झुकतं, कारण वेल्शमध्ये याच दिवसाचं नाव 'हिवाळ्याची पहिली तारीख' असं आहे, आणि त्यातला हिवाळ्याचा शब्द 'गाएआव' आपल्या 'हिम', 'हेमंत'चा भाऊबंद. एकाच उंबऱ्याला एकीने मागच्या ऋतूचं नाव दिलं, दुसरीने पुढच्या.

आणखी एक, विषयाला सोडून नाही. 1897 मध्ये फ्रान्समधल्या कोलिन्यी गावी पितळी पंचांगाचे तुकडे सापडले (नेमकं सांगायचं तर ब्राँझचे). भाषा गॉलिश, म्हणजे तिथल्या जुन्या केल्टांची (गॉल लोकांची), लिपी रोमन. त्यात 'सामोनिओस' महिना आहे आणि 'सामोनिओसच्या तीन रात्री' अशी नोंदही. तो महिना उन्हाळ्यातला की हिवाळ्याच्या तोंडचा, यावर पंडितांत अजून जुंपते. पण मला भुरळ पडली ती पंचांगाच्या घडणीची. महिन्याचे दोन पक्ष. पाच वर्षांत दोन अधिक मास, एकूण 62 महिने. वेदांग ज्योतिषातल्या पाच वर्षांच्या युगाचा हिशेब हाच. कोणी कोणाचं उचललं असं म्हणायला आधार नाही. चंद्र-सूर्याची सांगड घालायला बसलं की आकडे तिथेच येतात.

रानजाई:
आयत्या वेळी 'समा' मिळाली, आभार! आणि सर्वपित्रीचं?

तिरफळ:
सर्वपित्री नको. मेलेली माणसं घरी येतात ही समजूत इथे आहे खरी, पण जुन्या कथांत त्या रात्री टेकड्यांतली 'शी' मंडळींची (परीलोकातल्यांची) दारं उघडतात, आणि ते काही कोणाचे पितर नव्हेत. गुरं डोंगरावरच्या उन्हाळी कुरणांतून खाली आणायचा काळही हाच. सर्वपित्री म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर केळीच्या पानावरची खीर आणि कावळा येणार. 'साउन'च ठेवा.
मात्र एक सांभाळा. जुन्या हिशेबात दिवस मावळतीला सुरू होतो. गॉल लोक दिवस नव्हे, रात्री मोजतात, असं सीझरनेही लिहून ठेवलंय. म्हणून सण 1 नोव्हेंबरचा, पण लागतो 31 च्या तिन्हीसांजेला. 'आदल्या रात्री' लिहाल तर चुकेल.

रानजाई:
'तिन्हीसांजेला साउन लागला', असं केलं. मुद्रितशोधक खूश. त्यांचा पुढचा प्रश्न: कथेतली म्हातारी 'बार्मब्रॅक' कापते, तिथे 'मनुकांचा पाव' चालेल का?

तिरफळ:
चालेल, पण आत कागदात गुंडाळलेली अंगठी असते हे आधी कुठेतरी येऊ द्या. जिच्या तुकड्यात निघेल तिचं लग्न वर्षभरात. नाहीतर वाचकाला वाटेल म्हातारीच्या बोटातली पिठात पडली.