शब्दचर्चा : ‘रास्त वापर’ की ‘उचित व्यवहार’?

विश्रामबागकर : सांगलीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात झेरॉक्स मशीनशेजारी लावायचा फलक मराठीत करतोय. इंग्रजी मसुद्यात ‘फेअर युज’ आहे, म्हणजे परवानगी न घेता पुस्तकातला मजकूर वापरायची मुभा. मी ‘रास्त वापर’ लिहिलं, ग्रंथपालांनी खोडून ‘उचित व्यवहार’ केलं. ‘रास्त’ म्हटलं की रेशनचं दुकान आठवतं म्हणे. कोणता शब्द ठेवू?

कलम बावन्न : आधी मसुदाच दुरुस्त करा. ‘फेअर युज’ अमेरिकेचं. तिकडे कलम १०७ मध्ये हेतू, मूळ कृतीचं स्वरूप, घेतलेला भाग आणि बाजारावरचा परिणाम असे चार निकष आहेत. कुठलाही वापर त्यांवर घासून बघतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराईट कायद्यात ‘फेअर डीलिंग’ आहे, कलम ५२(१)(ए), तेही ठरावीक कामांपुरतं : खासगी वापर-संशोधन, टीका-परीक्षण, चालू घडामोडींचं वृत्त. शिक्षक-विद्यार्थ्यांची सवलत वेगळी, ५२(१)(आय) मध्ये. शिकवण्याच्या ओघात केलेली प्रत, प्रश्नपत्रिकेतला उतारा, उत्तरातला उतारा. तिथे ‘फेअर’ हा शब्दच नाही.

संगम माहुली : ते ठीक, पण ग्रंथपालांचा ‘व्यवहार’ फसवा आहे. आपल्याकडे व्यवहार म्हणजे पैशाचा, नाहीतर जमिनीचा. आणि रेशनचं दुकान आठवलं तर बिघडलं कुठे? ‘फेअर’ला ‘रास्त’ हा शब्द सरकारनेच तिथे गावोगाव रुजवलाय.

शुद्धमती : ‘रास्त’ फारसी आहे. ‘न्याय्य वापर’ म्हणा. आणि ‘कॉपीराईट’ कशाला, ‘प्रताधिकार’ आहे की.

संगम माहुली : ताई, मग ‘सर्व हक्क स्वाधीन’मधला ‘हक्क’ही काढा, अरबी आहे. ‘कायदा’सुद्धा. काय उरतं बघा.

स्पायरलवाला : शब्द कुठलाही लावा, काउंटरवर पोरं एकच विचारत्यात : किती पानं चालतात? दहा टक्के म्हणतात ते खरं का?

कलम बावन्न : दहा टक्क्यांचा आकडा आपल्या कायद्यात नाही. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी दिल्ली विद्यापीठ आणि तिथल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर अभ्यासक्रमाच्या झेरॉक्स संचांवरून दावा लावला होता. तो १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने फेटाळला. ९ डिसेंबरला खंडपीठाने अपिलात कसोटी सांगितली ती अशी : शिकवण्याच्या कामाला जेवढं लागतं तेवढं. पानं मोजायची नाहीत, गरज दाखवायची.

म्हणून संचाच्या पहिल्या पानावर वर्ग, विषय, अभ्यासक्रमातला घटक आणि शिक्षकाचं नाव टाका. कुठल्या पुस्तकातली कुठली पानं, ही यादी शिक्षकाकडून आलेली हवी. अख्खं गाईड स्कॅन करून ज्या ग्रुपवर निम्मे लोक त्या वर्गाचेच नाहीत तिथे टाकलं, किंवा दुकानात येईल त्याला विकायला तयार संच रचून ठेवले, की ‘शिकवण्याच्या ओघात’ म्हणता येत नाही. बचाव तिथेच लंगडा पडतो.

ग्रंथालयाने स्वतःसाठी प्रत काढायची तर कलम वेगळं, ५२(१)(ओ) : सार्वजनिक, बिनव्यापारी ग्रंथालय, जास्तीत जास्त तीन प्रती, आणि पुस्तक भारतात विक्रीला नसेल तरच. एका दुकानदाराने ‘संपलंय’ म्हटलं म्हणजे विक्रीला नाही असं होत नाही. प्रकाशकाला पत्र टाका, उत्तर फाईलला लावा.

वाळवा तालुका : अण्णा भाऊंचं तरी आपल्या जिल्ह्यात मोकळं असेल ना? वाटेगावचेच ते.

कलम बावन्न : गावावर नाही ओ, मृत्यूच्या सालावर. पुढच्या जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. अण्णा भाऊ साठे गेले १८ जुलै १९६९ ला, म्हणजे हयातीत छापलेल्या त्यांच्या लेखनावर ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत हक्क आहे. नाटककार गो. ब. देवल १९१६ मध्ये गेले, ते कधीच मोकळे. मात्र देवलांच्या नव्या आवृत्तीतली कुणाची प्रस्तावना किंवा टिपा झेरॉक्स करताना जपा, तो हक्क त्या संपादकाचा वेगळा.

शुद्धमती : मग गॅदरिंगला हक्कातलं नाटक?

कलम बावन्न : कर्मचारी आणि विद्यार्थ्यांनी करायचं, बघायला तेच, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं. ५२(१)(जे). सांगलीतलं भावे नाट्यमंदिर घेऊन तिकीट लावलं की परवानगी आणि मानधन आलंच.

वाळवा तालुका : पण खाली ‘साभार’ लिहिलं की चालतं ना?

संगम माहुली : ‘साभार’ने परवानगी मिळत नाही. लेखकाचं नाव द्यायचं ते द्याच, कलम ५७ आहे, पण नाव दिल्याने हक्क येत नाही. मुळात ‘साभार’ संपादकांचा शब्द. साभार परत, साभार पोच. मजकुराखाली ‘सौजन्य’ हवं.

शुद्धमती : ‘सौजन्य’ म्हणजे समोरच्याने आपणहून दाखवलेला चांगुलपणा. न विचारता उचललेल्या उताऱ्याखाली तो कुठून आला? आभार निदान आपण मानतो.

संगम माहुली : न विचारता मानलेले आभार म्हणजे तर आणखीच कहर. परवानगी असेल तर ‘प्रकाशकाच्या परवानगीने’ असं सरळ छापा.

शुद्धमती : ‘परवानगी’ फारसी आहे. ‘अनुमतीने’.

स्पायरलवाला : फलक राहिला की ओ बाजूला!

संगम माहुली : थांबा जरा. ताई, ‘अनुमती’ आणि ‘संमती’ यांत फरक आहे…