मदत हवी आहे: ओपनपायएक्सएलमध्ये बोल्ड केलं की फॉन्टचं नाव आणि आकार जातो

सोसायटीच्या देखभाल वर्गणीचा मासिक तक्ता पायथनमधून तयार करतो. त्यासाठी ओपनपायएक्सएल ३.१ (एक्सेल फाइली वाचणारी-लिहिणारी पायथन लायब्ररी) वापरतोय. शैली न दिलेल्या सेलना कॅलिब्री ११ मिळतो, ते ठीक. पण शीर्षकाच्या ओळीला फक्त बोल्ड सांगून फॉन्ट दिला की ती ओळ बाकी तक्त्याशी जुळतच नाही. फाइल अनझिप करून स्टाइल्सची एक्सएमएल (फॉन्ट वगैरेंची नोंद असलेली आतली फाइल) उघडली, तर त्या फॉन्टच्या टॅगमध्ये बोल्ड सोडून काहीच नाही. ना नाव, ना आकार. म्हणजे न सांगितलेल्या गोष्टी डिफॉल्टमधून येतच नाहीत! हे मला खरंच खटकतं, कारण त्याच लायब्ररीत कोरी सेल मात्र डिफॉल्ट पाळते.

वर्कबुकच्या अंतर्गत फॉन्ट यादीतला पहिला फॉन्ट बदलून पाहिला: साध्या सेल बदलल्या, बोल्ड तशाच राहिल्या. एक्सेलमध्ये बनवलेली टेम्प्लेट उघडूनही तेच. सेलचा आधीचा फॉन्ट कॉपी करून त्यात बोल्ड लावून परत दिला तर बरोबर येतं, पण कोडमध्ये अशा चाळीसेक जागा आहेत. एक्सएलएसएक्स-रायटर ही दुसरी लायब्ररी चालणार नाही, कारण ती फक्त नव्या फाइली लिहिते आणि मला जुन्या फाइली वाचून त्यांतच भर घालायची असते.

मराठी नावांसाठी सगळीकडे निर्मला यूआय १२ हवाय. तो एकदाच ठरवून, नंतर बनवलेल्या प्रत्येक अर्धवट फॉन्टला उरलेले गुण त्यातूनच मिळतील अशी अधिकृत सोय आहे का, की स्वतःचं फंक्शन लिहून चाळीसही जागा बदलणं हाच मार्ग?