मच्छरदाण्या वाटूनही गडचिरोलीत मलेरिया का?

रानवाटा: भामरागड, एटापल्लीकडे औषधभारित मच्छरदाण्या फुकट, गोळ्याही फुकट. मग ताप का हटत नाही?

काचपट्टी: मच्छरदाणी घरात, माणूस रानात. तेंदूपत्ता असो की धानाची राखण, रात्र उघड्यावर जाते. मचाणावर झोपणाऱ्याने ती टांगायची कुठे? त्यात सोड्याने बडवून उन्हात वाळवली की औषध लवकर संपतं. गार पाण्यात हलक्या हाताने धुवा, सावलीत वाळवा.

गोळीपेटी: खरी गळती गोळ्यांत आहे. व्हायवॅक्स या प्रकारच्या मलेरियाला प्रायमाक्विनच्या गोळ्या 14 दिवस. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, रोजी बुडते म्हणून माणूस कामाला, उरलेल्या गोळ्या कोनाड्यात! यकृतात दडलेले परजीवी काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उठतात. पुन्हा मजुरी बुडते, उधारी चढते. त्याला अडाणी म्हणणं सोपं. हातावर पोट असलं की 14 दिवस फार लांब असतात.

काचपट्टी: बरोबर. पण गरोदर बाईला प्रायमाक्विन नाही, हेही लिहा. आणि मलेरियाच्या झटपट चाचणी किटचा निकाल 15-20 मिनिटांत येतो खरा, पण फॅल्सिपेरम या दुसऱ्या प्रकाराची रेघ बरं झाल्यावरही काही आठवडे उमटू शकते. उपचारानंतर लगेच ताप उलटला तर काचपट्टीवर रक्त घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीच तपासा.