घराच्या भिंतीवरील उडी मारणारे कोळी: तीन जाती, की नर-मादी?

प्रश्न (चोपडा, जि. जळगाव)

नमस्कार. जाळे न विणता उड्या मारत माश्या पकडणारे कोळी पावसाळा लागल्यापासून आमच्या ओट्यावर आणि गच्चीच्या भिंतीवर पुष्कळ दिसत आहेत. एक काळा असून त्याच्या पाठीवर मधोमध ठळक पांढरा पट्टा आहे. दुसरा तपकिरी, फिकट पट्ट्याचा आहे आणि त्याच्या पोटाच्या मागच्या टोकाकडे दोन्ही अंगांना पांढरे ठिपके आहेत. हे दोन्ही संध्याकाळी ट्यूबलाइटच्या आसपास असतात. तिसरा राखाडी आणि चपटा आहे. तो भर उन्हात चुन्याच्या भिंतीवर फिरतो आणि जवळ गेले की फटीत शिरतो. या तीन जाती समजाव्यात काय? कोळी अंगावरून फिरला की फोड येतात, असे घरातील वडीलधारी मंडळी सांगतात आणि दिसला की झाडू उचलतात. मुलांना मात्र या कोळ्यांचे फार कौतुक आहे, म्हणून खात्रीची माहिती हवी आहे.

उत्तर (धुळे)

आपण वर्णन नेमके केले आहे. पहिले दोन बहुधा एकाच जातीचे, म्हणजे प्लेक्सिपस पेकुलीचे, नर आणि मादी आहेत. १८२६ मध्ये वर्णन झालेली ही जात माणसाच्या वस्तीला धरून जगभरच्या उष्ण प्रदेशांत पसरली आहे. दिव्याकडे किडे येतात, म्हणून ती दिव्याजवळ थांबते. खात्रीसाठी नराचा चेहरा समोरून पाहावा: पाठीवरचा पांढरा पट्टा थेट पुढच्या मोठ्या डोळ्यांपर्यंत आलेला असेल तर पेकुली समजावा, कारण त्याच्याशी सहज गल्लत होणाऱ्या प्लेक्सिपस पीटर्सीच्या नरात तो तिथपर्यंत पोहोचत नाही. मादीचा पट्टा पोटावर मागे जाता जाता तुटून बाणाच्या टोकासारखा दिसतो.

तिसरा वेगळा आहे. चपटे अंग, त्यावर राखाडी-पांढरी दाट लव आणि उघड्या भिंतीवरचा वावर पाहता तो मेनेमेरस बायव्हिटाटस असावा. याच्या नराच्या पोटावर मधोमध रुंद गडद पट्टा असतो, तर मादीच्या फिकट पोटाच्या दोन्ही कडांनी काळ्या रेघा जाऊन मागे एकत्र येतात. अंग चपटे असल्यामुळेच तो इतक्या अरुंद फटीत मावतो.

उत्तर (रावेर)

धुळ्याच्या भाऊंनी ओळख सांगितली आहे, म्हणून मी सवयींविषयी लिहितो. माशी भिंतीवर बसली की हा कोळी आधी सगळे अंग तिच्याकडे वळवतो, मग ती पंख किंवा पाय साफ करत असताना थोडे थोडे अंतर कापतो आणि ती थबकली की स्वतःही थबकतो. उडी मारण्यापूर्वी तो पोटाचे टोक भिंतीला टेकवून धागा चिकटवतो. बाजूने टॉर्च धरली तर हा धागा स्पष्ट चमकतो आणि नेम चुकला तरी कोळी त्यालाच लोंबकळून वर चढतो. त्याच्या मागच्या पायांना उडीचे बळ मुख्यतः शरीरातील द्रवाच्या दाबामुळे मिळते.

अंतर मोजण्याची त्याची रीत तर थक्क करणारी आहे. घरांतच आढळणाऱ्या हसेरियस अडान्सोनी या उडी मारणाऱ्या कोळ्यावर जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की डोळ्यातील पडद्याच्या वेगवेगळ्या थरांवर प्रतिमा किती धूसर पडते, त्यावरून तो अंतर ठरवतो. फक्त तांबड्या प्रकाशात ठेवल्यावर त्याच्या उड्या अपुऱ्या पडू लागल्या.

फोडांबद्दल: पावसाळ्यात दिव्याला येणारा नारिंगी-काळा, बारीक पेडेरस भुंगेरा त्वचेवर चिरडला गेला की त्याच्यातील पेडेरिन या द्रव्यामुळे कातडी भाजल्यासारखी होते आणि दोष मात्र कोळ्याच्या माथी येतो. उडी मारणारे कोळी माणसाला सहसा चावत नाहीत. पानांवर राहणाऱ्या, पिवळसर पोटावर दोन लांब तांबडे पट्टे असलेल्या टेलामोनिया डिमिडियाटाच्या मादीविषयी तर ‘शौचालयात दडून माणसे मारणारा कोळी’ अशी बनावट ई-मेल जगभर फिरली होती. ती साफ खोटी होती.

प्रश्नकर्ता (चोपडा)

दोघांचेही मनापासून आभार. पट्टा डोळ्यांपर्यंत आलेला आहे, म्हणजे पेकुलीच. छत आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात पांढरी, कापसासारखी चकती दिसते आणि तपकिरी मादी तिथून हलत नाही. दिवाळीची साफसफाई जवळ आली आहे. ती चकती काढली तर चालेल काय?

उत्तर (धुळे)

कृपया काढू नये. ते तिचे घरटे आहे आणि आत अंडी असावीत. मादी त्यांची राखण करते. तेवढा कोपरा सोडून बाकीचे जळमट काढावे, चुना देताना तिथे ब्रश फिरवू नये आणि कीटकनाशकाचा फवाराही मारू नये. पिल्ले बाहेर पडून पांगली, की रिकामी चकती खुशाल झाडून घ्यावी.